चार फायनल, चार ओव्हरटाइम: या हंगामातला तुमचा सामना कोणता?

लश्करची_मृण्मयी

नमस्कार मंडळी.

इथे ग्वाल्हेरला बाहेर लू वाहतेय, कूलरमध्ये दुपारपासून तिसऱ्यांदा पाणी भरलंय, आणि मी बर्फावरच्या हॉकीचा धागा काढतेय. आज नाही काढला तर या हंगामाचं बोलायचं राहूनच जाईल.

आमच्याकडे हे वेड बाबांचं. निवृत्त झाले, गुडघे दुखायला लागले, मैदानावर जाणं सुटलं. मग एका थंडीत पहाटे चॅनेल फिरवता फिरवता आइस हॉकी सापडली आणि ते तिथेच थांबले. यंदा (२०२४-२५) आम्ही दोघांनी राष्ट्रीय संघांच्या चार मोठ्या स्पर्धा पाहिल्या. ६ जानेवारीला पहाटे, रजईत बसून, ओटावाची वीस वर्षांखालच्या पोरांची फायनल: अमेरिका ४, फिनलंड ३. २१ फेब्रुवारीला सकाळी साडेसहाला बॉस्टनची, चार देशांच्या 'फोर नेशन्स' स्पर्धेची फायनल: कॅनडा ३, अमेरिका २. एप्रिलमध्ये चेकियातल्या चेस्के बुदेयोवित्सेला बायकांची जागतिक स्पर्धा: अमेरिका ४, कॅनडा ३. आणि २५ मेच्या मध्यरात्री स्टॉकहोमला पुरुषांची: अमेरिका १, स्वित्झर्लंड ०.

चारही फायनल ओव्हरटाइममध्ये सुटल्या. म्हणजे साठ मिनिटं बरोबरी, मग जो आधी गोल करेल तो जिंकला, खेळ तिथेच बंद. आणि चारहींत अमेरिका होती. पुरुषांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी याआधी १९३३ साली प्रागला सुवर्ण घेतलं होतं (१९६०चं ऑलिंपिक सुवर्ण त्या वर्षीचं जागतिक विजेतेपद म्हणूनही धरतात, ते वेगळं). त्यामुळे सगळीकडे हा अमेरिकेचा हंगाम म्हणून बोललं जातंय.

मला ते पटत नाही. माझा सामना फायनल नव्हताच. २२ मेची उपांत्यपूर्व फेरी, डेन्मार्कमधलं हर्निंग, पन्नासेक हजार वस्तीचं गाव, आपल्या डबऱ्याहून लहान. डेन्मार्कसमोर कॅनडा, त्यात सिडनी क्रॉस्बी आणि नेथन मॅकिननसारखे मोठे खेळाडू. कॅनडा १-० पुढे. सव्वादोन मिनिटं राहिली असताना निकोलाय एलर्सने बरोबरी केली. त्याचा क्लब अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगमधून नुकताच बाहेर पडला होता, तो धावत पळत घरच्या संघात येऊन उभा राहिला होता. आणि ४९ सेकंद उरलेली असताना निक ओलेसनचा गोल. डेन्मार्क २, कॅनडा १. बाबा गुडघे विसरून उठून उभे राहिले.

तुमचा सामना कोणता? आणि का?

दौलतगंज

बर्फ म्हटलं की मला फक्त बाड्यावरचा काला खट्टा गोळा आठवतो. तरी बसतोय. लिहा मंडळी.

अभ्या_टोरांटो

मृण्मयी, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी जन्माने लश्करचा, गेली अकरा वर्षं टोरांटोत. हर्निंगच्या रात्री इकडे काय झालं ते विचारू नकोस, ऑफिसात दोन दिवस कुणी नीट बोलत नव्हतं.

पण माझा सामना २० फेब्रुवारीचा (तुमच्याकडे २१). बॉस्टन. तो नुसता खेळ नव्हता गं. त्या महिन्यात इकडे रोज आयातशुल्काच्या बातम्या, रोज कॅनडाला अमेरिकेचं 'एक्कावन्नावं राज्य' म्हणून हिणवणं. आठवड्याभरापूर्वी माँट्रियलला अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळी लोकांनी हुर्यो केली होती. मला ते आवडलं नाही, पण का केली ते इथे राहणाऱ्याला समजतं. शेजारचे आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला, बायकोला, मुलाला, सगळ्यांना घरी बोलावलं. आमच्याकडून बटाटेवडे गेले. तिसऱ्या भागात बरोबरी असताना ते खोलीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले, पाहवेना म्हणून.

ओव्हरटाइममध्ये अमेरिकेने जे मारलं ते जॉर्डन बिनिंग्टनने अडवलं. त्याच गोलकीपरला संघात का घेतलाय म्हणून आधी सगळे ओरडत होते. मग ८ मिनिटं १८ सेकंदांवर कॉनर मॅकडेव्हिड. गोलसमोर एकटा, कुणाचं लक्ष नाही. आजोबा स्वयंपाकघरातून पळत आले, माझा हात धरला आणि रडले. मी या देशात उपरा आहे की नाही हा प्रश्न त्या रात्री मला पडला नाही.

चिन्मय_अकरावी

अभिजितदादा 🙏

थोडी माहिती भर घालतो. चारही ओव्हरटाइम एका प्रकारचे नव्हते. बॉस्टनला गोलकीपर सोडून पाच विरुद्ध पाच खेळले. बाकी तीन स्पर्धा जागतिक महासंघाच्या, तिथे फायनलच्या ओव्हरटाइममध्ये तीन विरुद्ध तीन. एवढ्या मोठ्या बर्फावर तिघेच म्हणजे सगळीकडे मोकळं. एकाची पकड सुटली की दोन जण गोलकीपरवर. स्टॉकहोमला टेज थॉम्पसनने दोनच मिनिटांत गोल केला. बायकांची फायनल मात्र तीन-तीनमध्येही सतरा मिनिटं चालली, मग टेसा जेनेकीचा गोल.

थाटीपूरकर

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो.

फोर नेशन्सला मी स्पर्धाच मानत नाही. चार देशांना बोलावलं: कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड. चेकिया नाही, २०२४ला तेच जगज्जेते होते. स्वित्झर्लंड नाही. जर्मनी नाही, म्हणून त्यांचा मोठा खेळाडू लिओन ड्रायसायटल घरी बसला. एकूण सामने सात. आमंत्रण देऊन भरवलेल्या कार्यक्रमाला राष्ट्रांची लढाई म्हणायचं?

आणि दुसरं. १५ फेब्रुवारीचा माँट्रियलचा अमेरिका-कॅनडा सामना पाहायला (आपल्याकडे रविवार सकाळ) मी मुलीला शेजारी बसवलं होतं. पहिल्या ९ सेकंदांत तीन मारामाऱ्या. हातमोजे फेकून, जर्सी ओढून, तोंडावर ठोसे. देशाचं नाव छातीवर घालून हे? मुलगी म्हणाली, बाबा, पंच सोडवत का नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.

दौलतगंज

धागा पेटला. बेडई मागवतो.

कंपूवाला

थाटीपूरकर, तुमच्या लेकीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मी मातीवरची आणि नंतर टर्फवरची हॉकी पंधरा वर्षं खेळलो, राइट हाफ. आमच्यात असा ठोसा मारला असता तर लाल कार्ड आणि वर घरी वडिलांचा मार.

पण एक फरक लक्षात घ्या. फोर नेशन्स ही अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगने भरवलेली स्पर्धा, तिथे त्यांचेच नियम. त्यांच्यात मारामारीला पाच मिनिटं बाहेर बसायची शिक्षा, मग परत मैदानात. दोघं खुशीने भांडत असतील तर पंच थोडं थांबतात आणि कुणी खाली पडला की मध्ये शिरतात. जागतिक महासंघाच्या स्पर्धेत तेच केलं तर तो सामन्यातून गेला. म्हणून मेच्या स्पर्धेत तुम्हाला असलं काही दिसलं नसेल. लेकीला मेचे सामने दाखवा.

बाकी स्पर्धा बोलावून भरवलेली होती हे मान्य. पण खेळणाऱ्याला ते माहीत असतं का हो? एकदा जर्सी चढली की चढली. अभ्याच्या शेजारचे आजोबा सामने मोजायला बसले नव्हते.

सुनंदा_मुरार

मी इथे क्वचित लिहिते, वाचते रोज. आज राहवलं नाही.

मृण्मयी, हंगामाचं एवढं छान लिहिलंस, पण त्यात आपल्या मुली कुठे आहेत गं? या जूनच्या सुरुवातीला संयुक्त अरब अमिरातीत अल ऐनला बायकांचा आशिया चषक झाला. भारताच्या मुलींनी कांस्य आणलं. आपल्या महिला संघाचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. ते या हंगामात धरायचं नाही का?

ह्यांची लेहला बदली होती तेव्हा एका हिवाळ्यात मी तीन आठवडे तिथे राहिले. साडेअकरा हजार फूट उंची, श्वास घेतला तरी दम लागायचा. गावात कर्झू नावाचं तळं आहे. हिवाळ्यात ते गोठतं आणि त्यावर हॉकी. फौजेने हा खेळ तिथे रुजवला. जुने लोक सांगायचे की आधी बुटांना पट्ट्या ठोकून स्केट करायचे. मी पाहिलं तेव्हा मुलंच खेळत होती. आठ-दहा मुली काठाला उभ्या. मुलांचं झालं, ऊन गेलं, बर्फ खरवडून खडबडीत झाला, तेव्हा त्या उतरल्या. एकीच्या पायात भावाचे स्केट, पुढे कापड कोंबलेलं. मी फेरन घालून थरथरत होते आणि त्या घामाने भिजल्या होत्या.

म्हणून अल ऐनचा फोटो पाहिला तेव्हा पहिल्यांदा त्या काठावर उभ्या राहिलेल्या मुलीच आठवल्या. त्या आता चाळिशीत असतील. माझा सामना तोच.

लश्करची_मृण्मयी

मावशी, चुकलं माझं. पदकाची बातमी वाचली होती आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलीही होती, पण धागा लिहिताना 'मोठ्या' स्पर्धा म्हणून चार मोजल्या आणि पाचवी बाहेर राहिली. ती मोजायलाच हवी होती.

चिन्मय_अकरावी

सुनंदाआजी, अजून थोडं. भारत १९८९ला महासंघाचा सदस्य झाला. मुलींचा संघ पहिल्यांदा बाहेर खेळला तो २०१६ला तैपेईत, आणि पहिला विजय २०१७ला बँकॉकमध्ये: फिलिपाइन्सवर ४-३. तिथवर जायला लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. त्सेवांग चुस्किटसारख्या मुली त्या काळापासून खेळताहेत. संघात बहुतेक जणी लडाखच्या, काही हिमाचलच्या स्पितीच्या.

सुनंदा_मुरार

आजी म्हटलंस, गोड वाटलं. मावशी चालेल मात्र.

शब्दगाडा

अवांतर: 'पक'ला, म्हणजे इथे चेंडूऐवजी मारतात त्या रबरी तुकड्याला, मराठीत काय म्हणावं? मी 'चकती' सुचवतो.

दौलतगंज

चकती म्हणजे आमच्याकडे तिळाची. मुरैनाची गजक गोल कापली की तीच.

शब्दगाडा

मग 'टिक्की' म्हणू का? आणि 'आयसिंग'? आपल्या अर्ध्या भागातून चकती थेट समोरच्या टोकाला भिरकावून वेळ काढायचा, तो गुन्हा. 'भिरकाव' कसा वाटतो? 'पॉवर प्ले' तर क्रिकेटवाल्यांनी केव्हाच उचललाय. इथे एकाला दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि दुसरा संघ एक माणूस जास्त घेऊन खेळतो. त्याला 'सरशी' म्हणू या.

गोलकीपर_ताई

'भिरकाव' मला फार आवडला. आजपासून मी तेच म्हणणार.

मी कंपूच्या मैदानावर गोलमध्ये उभी राहिलेय, त्यामुळे माझं सगळं बघणं गोलकीपरच्या डोळ्यांनी. चकती (हो, चकतीच) म्हणजे दाबून कडक केलेलं रबर, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम. आपला हॉकीचा चेंडू १५६ ते १६३. म्हणजे वजन जवळजवळ तेच. सामन्याआधी चकत्या गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाहीत. गोल आपल्याकडे ३.६६ मीटर रुंद, त्यांच्याकडे १.८३, बरोबर अर्धा. मला आधी वाटायचं, अर्धा गोल, किती सोपं! मग बघायला लागले. मारणारा चार पावलांवर, समोर स्वतःचेच दोन खेळाडू आडवे उभे, चकती दिसतच नाही, कुणाच्या स्टिकला लागून दिशा बदलते. आमच्यात गोलच्या मागे कुणी नसतं. त्यांच्यात गोलच्या मागूनही खेळ चालतो. पाठीला डोळे पाहिजेत.

म्हणून माझा सामना २७ डिसेंबरचा, ओटावा. वीस वर्षांखालच्यांची स्पर्धा, यजमान कॅनडा, समोर लॅटव्हिया. लिनार्ड्स फेल्डबर्ग्स नावाच्या पोराने ५५ फटके अडवले. पंचावन्न! वरून पेनल्टी शूटआउट, तिथेही एकाला गोल करू दिला नाही. लॅटव्हिया ३-२. कॅनडाने लॅटव्हियाकडून या स्पर्धेत हरण्याची ती पहिलीच वेळ. सामना संपल्यावर बाकीचे उड्या मारत होते आणि तो तिथेच वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून उभा होता. मला माझ्या पाठीत कळ आली.

अभ्या_टोरांटो

ताई, तुम्ही सगळ्यांनी कॅनडाला हरवणारेच सामने निवडायचं ठरवलंय का? 😄 त्या स्पर्धेत पुढे चेकियानेही आम्हाला ४-३ने घरी पाठवलं, तेही सलग दुसऱ्या वर्षी. लिहून ठेवा, म्हणजे उरलेले कुणी ते निवडतील.

थाटीपूरकर

मी तेच लिहायला आलो होतो. 😄

कंपूवाला

अमेरिका अमेरिका चाललंय तर आपल्या गावची आठवण करून देतो. १९३२, लॉस एंजेलिस ऑलिंपिक. भारत २४, अमेरिका १. त्यातले १० गोल रूपसिंहांचे, ८ मोठ्या भावाचे म्हणजे ध्यानचंदांचे. ध्यानचंद झाशीचे, इथून दोन तासांवर. रूपसिंह ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी आले आणि इथलेच झाले. त्यांच्या नावाचं स्टेडियम आधी हॉकीचं होतं, मग क्रिकेटचं झालं. २४ फेब्रुवारी २०१०ला सचिनने एकदिवसीयमधलं पुरुषांचं पहिलं द्विशतक तिथेच काढलं. आनंद झालाच, मीही ओरडलो. पण हॉकीपटूच्या नावाच्या मैदानावर हॉकी नाही हे मला अजून बोचतं.

म्हणून कुणी म्हणालं की ग्वाल्हेरला आइस हॉकीशी काय देणंघेणं, तर मला पटत नाही. स्टिकचा खेळ या मातीत आहे. कंपूला २००६पासून मुलींची अकादमी आहे, सकाळी साडेपाचला जाऊन बघा. त्या मुली एकीकडे पळतात आणि चेंडू भलतीकडे देतात. तीच कला बर्फावर.

बर्फखाना

आता माझ्या धंद्याची गोष्ट निघाली आहे, तेव्हा लिहितो. आमचा बर्फाचा कारखाना होता, वडिलांच्या वेळचा.

लोकांना वाटतं रिंक म्हणजे परदेशी जादू. लादीचा कारखाना ज्याने पाहिलाय त्याला रिंक लगेच कळेल. आमच्याकडे मोठ्या टाकीत मीठपाणी, त्यात लोखंडी डबे सोडलेले, डब्यांत साधं पाणी. अमोनियाचा कॉम्प्रेसर मीठपाण्याला शून्याखाली नेतो. खारट असल्यामुळे ते स्वतः गोठत नाही, पण डब्यातल्या पाण्याची लादी करून टाकतं. रिंक म्हणजे हाच कारखाना आडवा निजवलेला. काँक्रीटच्या पोटात नळ्यांचं जाळं, नळ्यांतून मीठपाणी किंवा ग्लायकॉल, आणि वरून पाण्याचे पातळ पातळ थर, एक गोठला की दुसरा. एकदम ओतलं तर तडे जातात.

हिशेब करा. ६० मीटर बाय ३० मीटर, जाडी तीनेक सेंटीमीटर. १,८०० गुणिले ०.०३ म्हणजे ५४ घनमीटर, ५४ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे जेमतेम साडेपाच टँकर. आपल्या एखाद्या मोठ्या लग्नाला याहून जास्त लागत असेल. पाणी अडचण नाहीच. अडचण छपराची. मेमध्ये आपल्याकडे पत्रा तापतो तो खाली बर्फावर उष्णता फेकत राहतो, हवा कितीही गार केली तरी. म्हणून छताला आतून उष्णता न सोडणारं चकचकीत अस्तर लावावं लागतं. आणि पावसाळ्यात दमट हवा आत आली की बर्फावर धुकं. तिला कोरडं करायची यंत्रं वेगळी.

एक गंमत. दोन भागांच्या मध्ये जे यंत्र फिरतं, ते बर्फ खरवडतं आणि मागून पाणी सोडतं, ते गरम पाणी असतं. गरम पाणी वरचा ओरखडा किंचित वितळवून त्यात मुरतं आणि त्यात हवा कमी असते, म्हणून बर्फ काचेसारखा बसतो. वडील हे ऐकून म्हणाले असते, आम्ही लादी पारदर्शक करायला डब्यात हवेची नळी सोडायचो, तेही बुडबुडे घालवायलाच.

देहरादूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बंद छपराची रिंक बांधली. नंतर कित्येक वर्षं बंद राहिली. बांधणं एकदाच असतं. कॉम्प्रेसर रोज चालवावा लागतो, बिल दर महिन्याला येतं.

दौलतगंज

धाग्यावर आलो गोळ्यासाठी, निघालो अमोनिया शिकून. बर्फखानाकाका, दंडवत.

सुनंदा_मुरार

हे वाचून लक्षात आलं. लेहच्या मुलींना निसर्ग वर्षातून जेमतेम दोन महिने बर्फ देतो. स्टॉकहोमच्या पोरींना बारा महिने. आणि तरी कांस्य. 

गोलकीपर_ताई

+१. आणि बर्फ नसताना त्या काय करतात? चाकांच्या स्केटवर सिमेंटवर सराव. सिमेंटवर सरकत थांबता येत नाही, बर्फावर थांबता येतं. म्हणजे दरवर्षी थांबणं नव्याने शिकायचं. खेळाडूला हे किती अवघड आहे ते मला कळतं.

पडावची_पोर

मी गेले दोन तास वाचतेय, कुणीच स्वित्झर्लंडचं नाव घेत नाहीये, म्हणून मी घेते.

२०१३, २०१८, २०२४, २०२५. चार वेळा फायनल, चार वेळा रौप्य. यंदा उपांत्यपूर्व ऑस्ट्रियावर ६-०, उपांत्य डेन्मार्कवर ७-० (मृण्मयीताई, सॉरी). म्हणजे फायनलपर्यंतच्या दोन बाद सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल नाही. फायनलमध्ये साठ मिनिटं पुन्हा एकही नाही. गोलकीपर लिओनार्दो जेनोनी सदतीस वर्षांचा. आणि मग ओव्हरटाइममधला पहिला आणि शेवटचा गोल. संपलं. स्पर्धेच्या बाद फेरीत एकच गोल खाल्ला आणि त्याच गोलाने सुवर्ण गेलं.

मी बँकेच्या परीक्षेत तीन वेळा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेय. जेनोनी हेल्मेट काढून कठड्याला टेकला तेव्हा मी टीव्ही बंद केला नाही, पदकं गळ्यात पडेपर्यंत पाहिलं. माझा सामना हाच.

कंपूवाला

बाळा, चौथ्यांदा जा. आम्ही सगळे आहोत.

लश्करची_मृण्मयी

पडावची_पोर, तुझ्यासाठी बाबांनी निरोप दिलाय: फायनलला चार वेळा पोचणारा संघ बाकीच्या दहा संघांपेक्षा चांगलाच असतो.

थाटीपूरकर

आता मी माझं सांगतो, अजून सांगितलं नव्हतं.

स्टॉकहोमची फायनल मीही पाहिली, स्विस हरल्याचं वाईट वाटलं. पण त्यानंतर अमेरिकेच्या पोरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. जॉनी गॉड्रो त्यांचा खेळाडू. ऑगस्ट २०२४मध्ये तो आणि त्याचा भाऊ मॅथ्यू सायकलवर असताना मोटारीने उडवलं, दोघेही गेले. दुसऱ्या दिवशी बहिणीचं लग्न होतं. संपूर्ण स्पर्धेत त्याची १३ नंबरची जर्सी संघाने सोबत ठेवली आणि सुवर्ण मिळाल्यावर ती बर्फावर आणून मध्ये धरून फोटो काढला. 

फेब्रुवारीत ज्या जर्सीवर मी चिडलो होतो, त्याच जर्सीने मेमध्ये डोळ्यांत पाणी आणलं. मुलगी शेजारी होतीच, रात्र झाली होती तरी. तिने विचारलं ही कुणाची जर्सी. या वेळी मला उत्तर देता आलं.

अभ्या_टोरांटो

थाटीपूरकर, यावर माझ्याकडे काही शब्द नाहीत. कॅनडाचा चाहता म्हणूनही नाहीत.

चिन्मय_अकरावी

माझा सामना राहिला. बायकांची फायनल. कॅनडाने मागून येऊन ३-३ केलं आणि ओव्हरटाइमची सतरा मिनिटं मी श्वास रोखून होतो. आईने दोनदा अभ्यास विचारला. भौतिकशास्त्र म्हणालो. घर्षणाचा धडा होता, तसं खोटं नव्हतं.

शब्दगाडा

घर्षण! पोरा, तुला शंभर पैकी शंभर.

लश्करची_मृण्मयी

परत मूळ प्रश्नाकडे येते. मी काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, शब्द न् शब्द. बर्फखानाकाकांचा तर दोनदा, कारण बाबांना लादीचा कारखाना आठवत होता.

मग विचारलं, तुमचा सामना? मला वाटलं डेन्मार्कच म्हणतील, उठून उभे राहिले होते. ते बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, तुझ्या मुरारच्या मावशींनी तळ्याच्या काठावर पाहिलेला. मुलांचं झाल्यावर उतरलेल्या त्या आठ-दहा जणींचा. तो कुणी टीव्हीवर दाखवला नाही, निकालही कुठे लिहिलेला नाही, पण अल ऐन तिथून निघालं.

मी माझं मत बदललेलं नाही, हर्निंगच. पण वाद घातला नाही.

सुनंदा_मुरार

बाबांना माझा नमस्कार सांग. ह्यांनाही वाचून दाखवते आता.

कंपूवाला

मृण्मयी, बाबांना एका सकाळी कंपूला घेऊन ये. टर्फच्या कडेला खुर्ची ठेवतो, चालावं लागणार नाही. अकादमीच्या मुलींना हा धागा दाखवायचाय, लेहच्या मुलींचा भाग तर नक्की.

लश्करची_मृण्मयी

येतो काका. रविवारी चालेल? आणि बाबांचा एक प्रश्न आहे. २०२६च्या फेब्रुवारीत मिलानचं ऑलिंपिक, २०१४नंतर पहिल्यांदा व्यावसायिक लीगमधले सगळे मोठे खेळाडू उतरणार. ते सामने आपल्याकडे किती वाजता?

चिन्मय_अकरावी

मिलान हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे. तिकडे रात्री नऊ म्हणजे आपल्याकडे दीड.

दौलतगंज

दीड वाजता? मग माझ्याकडे या सगळे. गच्चीवरची खोली मोठी आहे, शेगडी आहे, गजक मी आणतो. गोल चकत्याच.

गोलकीपर_ताई

माझी जागा धरून ठेवा. दाराजवळची. सवय आहे.